एकसष्ट आणि शहाण्णवची जोडी

माझ्या पीएच.डी.चा विषय कोणी विचारला की मी "वरईवर काम करते" एवढंच सांगायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, पोरगी शेतकी खात्यात असेल. खरं म्हणजे वरईचं शेत मी पाहिलेलं होतं ते पेठच्या रस्त्याला, एसटीच्या खिडकीतून. माझा संबंध होता वरईच्या दाण्यातल्या एका प्रथिनाशी, आणि तोही कॉम्प्युटरच्या पडद्यावर.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. ती सरळ राहत नाही, स्वतःभोवती गुंडाळून तिचा गोळा होतो, आणि माळेत एकमेकांपासून लांब असलेले मणी शेजारी येऊन बसतात. कोण कोणाच्या शेजारी बसलंय याची यादी करणं, हे माझं काम. प्रत्येक अमिनो आम्लाला नंबर असतो. दोघांचे अणू साडेचार अँगस्ट्रॉमच्या आत आले की त्यांचा संपर्क आहे असं धरायचं. अँगस्ट्रॉम म्हणजे नेमकं किती ते विचारू नका, केसाच्या जाडीत लाखो मावतात. चार वर्षं मी अशा याद्या केल्या. शेवटी शेवटी नात्यातल्या लग्नाला गेले तरी कोण कोणाजवळ बसलंय हेच बघायचे.

नाशिकच्या एका कॉलेजात दुसऱ्या मजल्यावर आमची खोली होती. चार कॉम्प्युटर, त्यातले दोन चालू. चपला बाहेर काढूनच आत जायचं, कारण कॉम्प्युटर धुळीने बिघडतात यावर सरांची देवावर असावी तशी श्रद्धा. सर म्हणजे माझे गाईड. तरुणपणी त्यांनी एक शोध लावला होता, आणि त्या एका शोधावर त्यांची उरलेली नोकरी निवांत पार पडली होती. त्यांचं म्हणणं असं, की वरईचं हे प्रथिन एकटं राहत नाही, जोडीने राहतं. एका रेणूतलं एकसष्ट नंबरचं अमिनो आम्ल, आर्जिनिन, दुसऱ्या रेणूतल्या शहाण्णव नंबरच्या ग्लुटामेटला धरून असतं. एकावर धन भार, दुसऱ्यावर ऋण, त्यामुळे पकड घट्ट. आणि या पकडीमुळेच ते प्रथिन उष्णतेत टिकतं.

त्या जोडीचं रंगीत चित्र फ्रेम करून सरांच्या केबिनमध्ये लावलेलं होतं. खंडेनवमीला आम्ही सगळ्या यंत्रांची पूजा करायचो. सूक्ष्मदर्शक, फ्रीज, दोन चालू आणि दोन बंद कॉम्प्युटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. त्या दिवशी सर स्वतःच्या हाताने त्या फ्रेमलाही हार घालायचे. भिंतीवरच्या फोटोला हार कधी घालतात, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. पण विद्यार्थ्याचं तोंड पेढा खाण्यापुरतंच उघडतं.

तिसऱ्या वर्षी कुठल्यातरी दूरच्या प्रयोगशाळेने याच प्रथिनाची नवी रचना सगळ्यांसाठी खुली केली. प्रथिनाची रचना बघायची तर आधी त्याचा स्फटिक करावा लागतो. त्यांनी तो वेगळ्या पद्धतीने केला होता. मी आनंदाने उड्या मारत ती फाइल उघडली. वाटलं, सरांची जोडी इथेही दाखवू, प्रबंधाला चांगलं एक प्रकरण वाढेल. जोडी नव्हती. एकसष्ट नंबरचं आर्जिनिन भलतीकडे तोंड करून पाण्यात मोकळं होतं, आणि शहाण्णवच्या आसपास कोणी नव्हतं.

मग मी जिच्यावर सरांचा शोध उभा होता त्या जुन्या रचनेकडे परत गेले आणि पहिल्या वर्षी, पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. फाइलमध्ये स्फटिकाचा एक छोटा तुकडाच दिलेला असतो. बाकीचा स्फटिक म्हणजे त्याच तुकड्याची पुन्हा पुन्हा मांडणी, आणि ती आपण गणिताने करून घ्यायची असते. आळसाने बरेच जण ती करत नाहीत. आमच्या खोलीत तर कोणीच करत नव्हतं, कारण सरांनी केली नव्हती. मी केली. प्रत्येक रेणूला एक नाही, सहा शेजारी निघाले, आणि त्यातल्या दोघांशी त्याचा संपर्क सरांच्या लाडक्या जोडीदारापेक्षा जास्त होता. म्हणजे स्फटिक होताना रेणू दाटीने बसले, त्या दाटीत एकसष्ट आणि शहाण्णव समोरासमोर आले. एवढंच. ती जोडी कधी नव्हतीच.

त्या रविवारी मी वणीला घरी गेले. आई द्राक्षांच्या सीझनमध्ये पॅकिंगच्या शेडवर जाते. जेवताना तिला सगळं सांगितलं, म्हणजे जेवढं सांगता येईल तेवढं. तिने भाकरी मोडता मोडता ऐकलं.

"म्हंजे आमच्या पेटीसारखंच की," ती म्हणाली. "घड शेजारी शेजारी दाबून बसवतो आमी. आता शेजारी बसलं म्हनून काय एका येलीचं झालं का ते?"

"सरांना तसंच वाटलं होतं."

"मंग सांग की त्यास्नी. शिकल्यालं मानूस हाय, समजंल."

आईचा शिकलेल्या माणसांवर फार विश्वास.

सोमवारी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. सहा शेजाऱ्यांची यादी, दोन्ही रचनांची तुलना, सगळं प्रबंधाचं चौथं प्रकरण म्हणून छापून नेलं होतं. सरांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. मग चष्मा काढला.

"तुला पीएच.डी. करायची आहे, की माझी तपासणी?"

मी म्हटलं, "सर, तपासणी नाही. मला फक्त वाटलं की..."

"हे बघ. त्या लोकांच्या स्फटिकात मीठ जास्त होतं. मिठाने असली पकड सुटते. पुस्तकात आहे."

हे खरं होतं. सर मूर्ख नव्हते, म्हणून तर मला जास्त राग येतो. मी म्हटलं, मग प्रथिन नुसत्या द्रावणात ठेवून एकटं आहे की जोडीने, ते मोजून बघू.

"ते यंत्र आपल्याकडे आहे?"

"नाही सर."

"मग?" असं म्हणून त्यांनी माझे कागद टेबलावर ठेवले आणि वर काचेचा पेपरवेट ठेवला.

ते कागद तीन महिने तिथेच होते. सर रोज बोलायचे, हसायचे, चहा पाजायचे, आईची तब्येत विचारायचे. फक्त प्रबंधाचा विषय निघाला की म्हणायचे, "बघतो, ते चौथं प्रकरण अजून माझ्याकडेच आहे." त्यांच्या सहीशिवाय प्रबंध जमा होत नाही. माझी फेलोशिप संपली होती. वय तिशीच्या उंबरठ्यावर. कायमच्या नोकरीच्या जाहिराती पीएच.डी. झालेल्यांसाठीच निघत होत्या. स्थळ घेऊन येणाऱ्यांना आई दोन वर्षं "पीएच.डी. झाली की बघू" म्हणून परत पाठवत होती. मला ती पदवी हवी होती. उपाशी माणसाला भाकरी हवी असते तशी हवी होती, आणि हे सांगायची मला आता लाज वाटत नाही. लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची.

चौथ्या महिन्यात मी स्वतःच केबिनमध्ये जाऊन कागद परत मागून आणले. सहा शेजाऱ्यांची यादी काढली, नवी रचना काढली, तिच्यावरची साडेअकरा पानं काढली. उरलं ते सरांच्या जोडीचं कौतुक, माझ्या आकड्यांनी सजवलेलं. सरांनी त्याच दिवशी सही केली. त्यांनी एकदाही "हे काढ" असं म्हटलं नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची वेळच त्यांनी स्वतःवर येऊ दिली नाही. मीच भांडं घेऊन दारात उभी राहिले.

तोंडी परीक्षेला आई वणीहून आली, ठेवणीतली साडी नेसून. आमच्याकडे या परीक्षेची तयारी लग्नघरासारखी असते. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसाठी शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, जेवणाचा बेत, सगळं विद्यार्थ्यानेच बघायचं. परीक्षक एक किडकिडीत म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी माझा प्रबंध खरोखर वाचलेला होता. हे फार क्वचित घडतं, आणि माझ्याच नशिबी यावं! त्यांनी शेवटचा प्रश्न इंग्रजीत, अगदी हळू आवाजात विचारला. स्फटिकातले बाकीचे शेजारी तपासले होते का? ही जोडी त्या दाटीमुळे दिसत नाही ना?

मी सरांकडे पाहिलं. सर चहातली साखर ढवळत होते. साखर केव्हाच विरघळली असणार.

"तपासले सर," मी म्हणाले. "सगळे शेजारी तपासले. खरी जोडी हीच आहे."

त्यांनी मान डोलावली आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर शंका नव्हती. एवढं बारीक काम करणारी मुलगी एवढ्या साध्या गोष्टीत कशाला खोटं बोलेल, असंच त्यांना वाटलं असेल. टाळ्या झाल्या. सरांनी मला "डॉक्टर" म्हणून हाक मारली.

जिन्यात आईने मला बाजूला घेतलं. "काय इचारलं गं त्या म्हाताऱ्या बाबांनी? तू जरा थांबली व्हतीस."

"काही नाही. सगळं काम स्वतः केलंय का, असं विचारत होते."

"मंग? केलंच की तू." तिने माझ्या तोंडात पेढा घातला. तो गिळेपर्यंत मला तिच्याकडे बघता आलं नाही.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं म्हणतात. साफ खोटं आहे. छान राहतं. सर यथावकाश निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाच्या समारंभात स्मृतिचिन्हावर तीच जोडी कोरलेली होती, आणि आभाराचं भाषण मी केलं, चांगलं झालं म्हणे. आणि जिच्यासाठी एवढं केलं ती कायमची नोकरी? मी अजून तासिका तत्त्वावर शिकवते. सकाळी एका कॉलेजात, दुपारी अंबडच्या बाजूला दुसऱ्या. दर वर्षी जूनमध्ये कळतं, या वर्षी आपण आहोत की नाही. स्वतःला विकायचं तर निदान गिऱ्हाईक तरी धड बघावं, एवढी अक्कलही मला नव्हती.

गेल्या महिन्यात एका अनोळखी मुलीचा मेल आला. विदर्भातल्या कुठल्याशा कॉलेजातली आहे, नुकती पीएच.डी.ला लागलेली. तिने माझा प्रबंध ओळन्‌ओळ वाचलेला दिसला. एकसष्ट नंबरच्या आर्जिनिनच्या जागी दुसरं अमिनो आम्ल घालून जोडी तुटते का, आणि प्रथिन उष्णतेत टिकायचं थांबतं का, हे ती बघणार आहे. विषय मंजूर झालाय, गाईड खूश आहेत, पुढची तीन वर्षं ती हेच करणार आहे. तिच्या घरातून इतकं शिकणारी ती पहिलीच. "मॅडम, तुमच्या कामाच्या भरवशावर मी हा विषय घेतला. काही सुधारणा सुचवायची असेल तर आत्ताच सांगा, अजून काही सुरू केलेलं नाही."

मी उत्तर लिहायला घेतलं. ती साडेअकरा पानं माझ्याकडे अजून आहेत. ती जोडली, चार ओळी लिहिल्या, वाचून पाहिल्या. मग माझ्या नावापुढचं "डॉ." दिसलं. दुपारच्या तासाला उशीर होत होता. मी पानं काढली, ओळी पुसल्या. आता समोर सर नव्हते, परीक्षक नव्हते, कोणाच्या सहीवाचून माझं काही अडलेलं नव्हतं. मी तिला शुभेच्छा लिहिल्या आणि पाठवून दिल्या.