शिंगराचं जावळ

दोन हजार पाचच्या सुमाराला आम्ही अमेरिकेत अ‍ॅशबर्नच्या जरा बाहेर भाड्याने राहत होतो. शेजारी घोड्यांचं कुरण, आणि कुरणाच्या मालकीणबाई एकट्या, सत्तरीच्या. आई पुण्याहून राहायला आली आणि आठवड्याभरात त्यांच्या घोडीला गाजरं भरवायला लागली. दोघींना एकमेकींची भाषा ओ की ठो कळत नव्हती, गप्पा मात्र तासन्‌तास!

बाईंचा लाडका घोडा आधीच्या वर्षी गेला होता. त्याच्या गोठवलेल्या वीर्याची शेवटची नळी उरली होती. तिच्यावर घोडीला दिवस गेले आणि शिंगरू झालं. पण त्या जातीची नोंद ठेवणारी संस्था आपल्या सरकारी कचेऱ्यांच्या वरताण. गोठवलेल्या वीर्याचं शिंगरू ना, मग केसांवरून डीएनए जुळवा, तरच बाप म्हणून घोड्याचं नाव लागेल. नाहीतर नोंदच नाही. बाईंचा सगळा जीव त्यात अडकला होता.

त्यात त्यांचा हात प्लास्टरमध्ये. शिंगराच्या आयाळीचे थोडे केस पाठव, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. मी मीटिंगमध्ये होते, ते काम आईवर सोपवलं. आईने काय करावं? शिंगराला ओवाळलं, मामाच्या जागी माझ्या नवऱ्याला धरायला उभं केलं आणि कात्रीने छान जावळ काढलं. नवऱ्याने पाकीट पोस्टात टाकूनही दिलं.

संस्थेने कळवलं की केस मुळासकट उपटलेले हवेत, कापलेले चालत नाहीत. बाईंचं तोंड एवढंसं झालं. आई तर ऐकेचना. तान्ह्या लेकराचे केस उपटायचे, मेल्यांना काळीज आहे की नाही, म्हणाली. असा संताप आला मला! शेवटी मीच उपटले. शिंगराने हूं की चूं केलं नाही, आई मात्र डोळे मिटून उभी होती.

काही आठवड्यांनी बाई सांगत आल्या, डीएनए जुळला, नाव लागलं. घोडा गेला तेव्हा न रडलेल्या बाई आमच्या स्वयंपाकघरात ढसाढसा रडल्या. आईने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि मला म्हणाली, “त्यांना सांग, मी पोटात असताना माझे वडील गेले. आई काही त्यांचं नाव घ्यायची नाही. शाळेत मास्तर हजेरीला माझं पूर्ण नाव घ्यायचे, तेवढंच काय ते कानावर पडायचं.”

हे ती माझ्याशीही कधी बोलली नव्हती. मी खुर्ची ओढून दोघींच्या मध्ये बसले आणि इंग्रजीत सांगायला लागले.