मी अस्वलीण पाहिली होती

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. आता हे वाक्य माझ्या तोंडून ऐकलं तर सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत लोक पोट धरून हसतील — या माणसाने न सांगितलेलीही एखादी गोष्ट असते? बरोबर आहे त्यांचं. मी वाघाला छिंदवाड्याच्या बसमध्ये खिडकीजवळची सीट दिली आहे. माझ्या बागेतलं एक संत्रं उचलता उचलता तीन हमाल बसकण मारून बसले, हेही मीच सांगितलं आहे. पण हे — हे राहूनच गेलं. नाही, राहून गेलं असं कसं म्हणू? मी दाबून ठेवलं.

आमच्या गावामागे एक खोरं आहे. आत रस्ता नाही. मोटरसायकलही जात नाही, फक्त पाय जातात. सगळ्या दुनियेबद्दल मी वाढवून बोलतो, पण त्या खोऱ्याबद्दल मला कधी काही वाढवता आलं नाही. वाढवायला जागाच नाही हो! सागाचं वाळलं पान पडलं तर पापड मोडल्यासारखा आवाज येतो, इतकी शांतता. भर उन्हाळ्यात नाल्याची वाळू हाताने उकरली की पाणी लागतं, आणि त्या पाण्यावर रात्रभर कोण कोण येऊन गेलं ते वाळूवर उमटलेलं असतं.

ती वाळू वाचावी तर शेवंताबाईंनीच. आमच्याच गावच्या, विहाराजवळ घर. हंगामात लोकांच्या बागेत संत्री तोडायच्या, मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत पहाटेच खोऱ्यात. आपण पेपर वाचतो तशा त्या पंजे वाचत. पेपरात खोटं असू शकतं, त्यांच्या वाचनात नाही.

एकदा माझा बैल सुटला, म्हणून मी सकाळी सकाळी खोऱ्यात शिरलो. शेवंताबाई एका दगडाआड बसलेल्या. नुसता हात वर केला. मी जागच्या जागी बसलो. समोर मोहाखाली अस्वलीण फुलं वेचत होती — आणि तिच्या पाठीवर दोन पिलं, तिच्या केसांना मुठी आवळून. एक घसरलं. ती थांबली. ते पुन्हा चढून नीट बसेपर्यंत हलली नाही. मग गेली.

मी — मी! — गप्प होतो. शेवंताबाई हळूच म्हणाल्या, "भाऊ, हे हाय तेवढंच सांगजा. याले तिखटमीठ लावू नोका."

मग रस्त्याचं निघालं. सरळ खोऱ्यातून. आणि माझी बाग कुठे? खोऱ्याच्या तोंडाशी. बैलगाडीत आदळून अर्धी संत्री फुटायची. रस्ता झाला तर ट्रक थेट कुंपणाशी उभा. खोऱ्यात जनावरं आहेत की नाहीत हे विचारायला सरकारी साहेब आले. असतील तर रस्ता बोरगावकडून वळसा घेणार होता.

पंचायतीसमोर सारा गाव जमला. कुणी म्हणालं ससे आहेत, कुणी म्हणालं तेही नाहीत. शेवंताबाई उभ्या राहिल्या. पदर सारखा करून म्हणाल्या, "साहेब, अस्वलीन हाय. पाठीवर दोन पिलं. म्या डोयानं पाह्यली. भाऊ बी होते संग, इचारा त्याईले."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे. शेवंताबाईंची नजरही — निर्धास्त. कळतंय ना? गावात एवढी माणसं, आणि त्यांनी भरवसा कुणावर टाकला, तर माझ्यावर.

नाही म्हणणं सोपं होतं. मी तेही केलं नाही. मी हसलो. म्हणालो, "साहेब, म्या वाघाले तिकीट काढून बसमधी बसवलं. अस्वलाचं कोनाले इचारून राहिले तुमी?"

काय हशा पिकला! मागून कुणीतरी ओरडलं, "शेवंते, भाऊच्या शाळेत कधी नाव टाकलं वं?" साहेबही हसले. शेवंताबाई खाली बसल्या.

पण ती बाई बसून राहणारी नव्हती. त्या उन्हाळ्यात रोज मजुरी करून आल्यावर त्या खोऱ्यात जायच्या, पाण्याभोवतीची वाळू झाडूने सारखी करायच्या, अंगण झाडावं तशी. सकाळी पुन्हा जाऊन बघायच्या. आणि एक दिवस जंगलखात्याच्या गार्डला हाताला धरावं तसं घेऊन गेल्या. वाळूवर मोठा पंजा, शेजारी दोन लहान. गार्डने फोटो काढले, वर पाठवले, मग मोठे लोक आले. रस्ता वळसा घालून गेला. खोरं आजही तसंच आहे — रस्ता नसलेलं. एका झाडूने वाचवलेलं जंगल कुणी ऐकलंय? यात मी एक ओळही वाढवलेली नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. परवा सौंसरच्या स्टँडवर पोरांनी मला घेरलं. भाऊ, ते खोरं कसं वाचलं, सांगा ना. आणि मी सुरू झालो. अस्वलीण मी पाहिली. साहेबांसमोर उभा मी राहिलो. गाव हसला, पण मी हटलो नाही. वाळू मी झाडली.

रंगात आलो होतो. तेवढ्यात पोरांच्या मागे, बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या शेवंताबाई दिसल्या. नागपूरच्या बसची वाट पाहत. सगळं ऐकलं असणार. मी थांबलो.

त्या माझ्याकडे पाहत शांतपणे म्हणाल्या, "मंग, भाऊ? पुढं काय झालं?"

आणि मी पुढचं सांगितलं — तेही माझ्याच नावावर.