आडवा ठेवलेला दगड

वाघ दिसला नाही की लोक चिडतात आणि तो राग काढतात ड्रायव्हरवर, जसा काही वाघ मी आमच्या मोरीत बांधून ठेवलाय. मोहर्लीच्या, म्हणजे व्याघ्रप्रकल्पाच्या फाटकातून हात हलवत बाहेर आले की पुण्या-नाशकाकडचे पाहुणे तोंड पाडून विचारायचे, "मग आता उद्या काय?" दोन हजार सालाच्या आसपास या प्रश्नातूनच माझ्या जीपला दुसरं काम लागलं.

आमच्या गल्लीच्या मागे एक सर राहायचे. चंद्रपूरला कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. बायको गेलेली, मुलं बाहेरगावी, घरात बसवत नव्हतं त्यांना. त्यांनी एका दिवसाची इतिहास सहल काढली आणि गाडी माझी लावली. गाडी तर गावात कोणाचीही मिळाली असती, पण मला माडिया, म्हणजे तिकडच्या जंगलातल्या गोंडांची बोली, बोलता यायची. माझे वडील आठवडी बाजारात बांगड्या विकायचे. अहेरी, आलापल्ली, त्याच्या पुढची गावं. लहानपणी मी बांगड्यांच्या पेट्यांवर बसून ती भाषा शिकलो. घरात हिंदी, गल्लीत आपली झाडीची मराठी आणि बाजारात माडिया. शाळेत मात्र काही जमलं नाही.

पहाटे निघायचो. आधी चंद्रपूरच्या जेलचा पिंपळ. सत्तावनच्या उठावात इंग्रजांनी गोंड जमीनदाराला तिथे फाशी दिली, हे सर सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज दरवेळी भरून यायचा, आणि पाहुणे चहा कुठे मिळेल ते बघत असायचे. मग बल्लारपूरचा किल्ला, तो गाडीतूनच. मग आलापल्लीचा लाकडाचा डेपो. महायुद्धात इथलं सागवान इंग्रजांनी कसं ओढून नेलं, हे सर सांगायचे. पण पाहुण्यांचा सगळा जीव अडकलेला असायचा त्याच्या पुढच्या भागात. कोणीतरी हळूच विचारायचं, "सर, ते लाल स्मारक कधी?"

जंगलातले दादालोक, म्हणजे नक्षलवादी, त्यांचा माणूस मेला की गावाच्या तोंडाशी विटा-सिमेंटचा मनोरा उभा करत आणि लाल रंगवत. पोलिस येऊन तो पाडत. कधी गावकऱ्यांकडूनच पाडून घेत. आम्ही दाखवायचो ते असले पाडलेले मनोरे. जळलेलं वन खात्याचं नाकं, सुरुंगात उडालेली रपटी म्हणजे ओढ्यावरचा बुटका पूल, आणि विटांचा लाल ढीग. एकदा एका गृहस्थाने त्यातला विटेचा तुकडा खिशात घातला. माझं टाळकंच सटकलं. म्हटलं, "साहेब, ठेवा तो खाली. कोणाच्या घरी जाऊन चुलीतली राख उचलून आणता का?" तुकडा त्याने ठेवला, पण परतीच्या वाटेवर माझ्याशी बोलला नाही. मला चाललं.

त्या ढिगापासून थोडं पुढे मोहाचं मोठं झाड होतं. त्याच्या सावलीत आमचे डबे उघडायचे. झाडापलीकडे रस्त्याच्या कडेला उभ्या दगडांची रांग होती. गावातल्या मेलेल्या माणसांचे दगड. माडियांमध्ये माणूस गेला की त्याच्या कुळातले लोक डोंगरातून दगड आणून उभा करतात, ढोल वाजतो, जेवण होतं, आणि मग तो मेलेला आपल्या वाडवडिलांत जाऊन बसतो, असं ते मानतात. येता-जाता गावातला माणूस तिथे एखादं पान नाहीतर काडी ठेवतो. मेलेला सुखात असला की दगड वाढतो, असंही म्हणतात. लहानपणी मीही तो वाढतो का ते बघायचो. रांगेच्या शेवटी एक लांबट दगड मात्र आडवा पडलेला होता. बसायला सोयीचा, वर सावली, त्यामुळे पाहुणे तिथेच पोळी-भाजी सोडायचे.

तिथे एक म्हातारी यायची. सगळे तिला याया म्हणायचे, म्हणजे आई. ती दूर बसून आमच्याकडे बघत राहायची. मला वाटायचं, भूक लागली असंल. मी पोळी न्यायचो, ती घ्यायची आणि बाजूला ठेवून द्यायची. मला ती बांगडीवाल्याचा पोरगा म्हणून ओळखायची. माझ्या वडिलांनी तिच्या लग्नात तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, हे ती दर खेपेला नव्याने सांगायची.

एका उन्हाळ्यात एक जाडजूड पाहुणा त्या दगडावर बसला आणि त्याने पाय पसरले. डाळीची वाटी कलंडली. याया उठली, जवळ आली आणि पदराने दगड पुसू लागली. तो बिचारा ओशाळून म्हणाला, "अहो आजी, राहू द्या, राहू द्या." तिला मराठी कळत नव्हती. ती पुसत पुसत माझ्याशीच माडियात बोलली. मी आपल्या बोलीत सांगतो. ती म्हणाली, "त्याले सांग ना बाबू, हा माह्या पोराचा दगड हाय. थोडा इकडं सरकून बसंल तर बरं."

मी त्या पाहुण्याला दंडाला धरून उठवलं. काय झालं ते कोणाला सांगितलं नाही. मग तिच्याजवळ जाऊन बसलो, आणि तिने सगळं सांगितलं.

तिचा पोरगा आश्रमशाळेतून दादालोकांबरोबर गेला होता. त्याने निवडलं की त्यांनी उचलला, तिला धड माहीत नव्हतं. काही वर्षांनी चकमकीत मेला. प्रेत तालुक्याला आणलं होतं, पण ओळखायला जायचं म्हणजे सगळ्या कुळाचं नाव पोलिसांच्या वहीत चढणार. कुळातल्या म्हाताऱ्यांनी तिला आठ-पंधरा दिवस घरातून हलू दिलं नाही. मग दादालोकांनी येऊन लाल मनोरा बांधला आणि वर नाव लिहिलं ते घरचं नाही, पार्टीत ठेवलेलं. तिने कोणाकडून तरी वाचून घेतलं. म्हणाली, "मले वाटलं, दुसऱ्याच कोणाचा हाय." पोलिसांनी गावाला बोलावून तो मनोरा पाडायला लावला. सब्बल मारणाऱ्यांत तिचा थोरला दीरही होता. त्यानंतर पोलिसांच्या कॅम्पातून सांगणं आलं की गावात उभं नवं काही दिसलं नाही पाहिजे. कॅम्पातले शिपाई बाहेरचे, त्यांना कुठला दगड कुळाचा आणि कुठला पार्टीचा ते काय कळणार. उभा दिसला की चौकशी.

म्हणून कुळातल्या लोकांनी दगड आणला तो ढोल न वाजवता, बैलगाडीत लाकडाखाली घालून. आणि ठेवला आडवा. दिवस बरे आले की उभा करू, असं ठरलं. कोणी विचारलं तर पडलेला दगड आहे, बाकी काही नाही. मी तिला विचारलं, "मंग आता तो कुठी हाय? तुझा पोरगा?" ती म्हणाली, "आडवा हाय तोवर बाहेरच फिरून राह्यला. उभा झाला की आपल्या आजाजवळ जाऊन बसंल. मी मराच्या आंधी झालं पाह्यजे एवढंच. माह्यामागं कोण करंल?"

मला राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना. दादालोकांवर काढावा की पोलिसांवर, की तिच्या दिरावर, का त्या जाड्या पाहुण्यावर. त्याने काय केलं होतं? पोळी खाल्ली होती.

परत येताना पाहुण्यांना हॉटेलवर सोडलं आणि सरांना सांगितलं. सरांनी चष्मा काढला, डोळे पुसले. मग म्हणाले, "अरे, हे लोकांना सांगायला हवं. आपण सगळी सहल करतो ती कशासाठी?" मी म्हटलं, "सर, तुम्ही सांगान, कोणीतरी पेपरात देईल, आणि चौथ्या दिवशी कॅम्पातली गाडी त्या झाडाखाली उभी राहील. हे काई स्मारक नाई. पोरगं हाय तिचं." सरांबद्दल एवढं म्हणायलाच पाहिजे की त्यांनी तोंड कधी उघडलं नाही. बोलायची एवढी हौस असलेला माणूस, पण तिथे आलं की झाडाची माहिती सांगायचा. मोहाची फुलं कधी पडतात, तेलाला काय म्हणतात. डबे आम्ही नदीकाठी न्यायला लागलो.

याया दर खेपेला मला एकच विचारायची. "बांगडीवाल्या, तिकडं चंद्रपुरात काय म्हणून राह्यले? दिवस बरे आले का?" मी पहिल्यांदा म्हणायचो, येतील. पुढे पुढे मला ते खोटं जिभेवर धरवेना. नुसती मान हलवायचो. ती थकत चालली होती. कुळातले दोन म्हातारे गेले. त्यांचे दगड लगेच उभे राहिले, कारण ते तापाने मेले होते आणि कॅम्पाला तसं कळवलेलं होतं. त्या दिवशी ढोल वाजला. याया जेवली नाही, असं गावातले म्हणाले.

मग रस्ता आला. इतकी वर्षं मुरूम आणि खड्डे होते, आणि एकदम डांबर. गावाला रस्ता हवाच होता, त्यात वाईट काही नाही. अडलेली बाई खाटेवर न्यायला लागायची. सरसुद्धा खूश होते. खडी फोडायला मजूर आणले होते दूरच्या तालुक्यातून, तेही गोंडच. आडवाटेला मोठं यंत्र येत नव्हतं म्हणून जवळपासचे धोंडे जमवून हातानेच फोडायचं चाललं होतं.

तेंदूपत्त्याचे दिवस होते. अख्खं गाव अंधार असतानाच रानात जायचं, पानं तोडायला. यायाही जायची. एवढ्या वयाची बाई, पण पानांचे मुडके बांधायला तिचे हात अजून चालायचे. एक दिवस गाव परत आलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि झाडाखाली जागा मोकळी होती.

मी दोन दिवसांनी सहल घेऊन पोचलो. सर आणि मी उतरलो. उभे दगड सगळे जागच्या जागी होते. त्यांच्यापाशी रस्ता थोडा वळवून नेला होता, आणि प्रत्येकापुढे ताजं पान होतं. मजुरांनीच ठेवलेलं. परक्या गावचे दगड, पण रिवाज त्यांचाही तोच. आडवा दगड मात्र नव्हता.

मुकादमाला गाठलं. मी चांगला तापून गेलो होतो, शिव्या तोंडात तयार होत्या. तोही गोंडच, साठीचा, डोक्याला फडकं बांधलेला. मी सांगितलं तेव्हा त्याने डोक्याचं फडकं सोडून हातात घेतलं. मग म्हणाला, "भाऊ, तो पडला होता ना. उभा असता तर आम्ही हात लावला असता का? आमच्यात कोणी लावत नाई." माझ्या शिव्या तोंडातच राहिल्या. तो खरं बोलत होता. उभा केला असता तर पोलिसांनी पाडला असता, आणि लपवायला आडवा ठेवला तर आपल्याच माणसांनी फोडला. तिसरं काही करण्यासारखं नव्हतंच, तेव्हाही आणि आता विचार केला तरी.

याया माझ्या आधीच त्याच्याकडे गेली होती असं कळलं. भांडली नाही, दगड कोणाचा तेही सांगितलं नाही. एवढंच विचारलं की त्या दगडाची खडी कुठे टाकली. त्याला सांगता येईना. गावापासून नाल्यापर्यंत सगळी खडी एकत्रच पसरली होती, वरून डांबर ओतलेलं.

तिच्या घरी गेलो तर ती तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "याया, दुसरा दगड आणू. मी गाडी देतो." मला खरंच वाटलं होतं की हे काहीतरी कामाचं बोललो. ती म्हणाली, "तो त्यात होता ना बाबू. दुसऱ्यात कोण असंल?" मग निवडत राहिली. जाताना म्हणाली, "तुझी गाडी लई जड हाय. तिथून हळू नेत जा."

त्यानंतर ती रस्त्यावरून चालायची नाही. काट्याकुट्यातून, रस्त्याच्या कडेच्या नालीतून जायची. गावातली पोरं हसायची. एका पावसाळ्यात पाय घसरून पडली, आणि हिवाळ्यापर्यंत संपली. कुळाने तिचा दगड उभा केला, काही अडचण आली नाही. ती तिथे आपल्या सासू-सासऱ्यांपाशी जाऊन बसली असंल, त्यांच्या हिशोबाने. पोरगा नाही.

सहली अजून काही वर्षं चालल्या. गाव संपलं की मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकायचो आणि नाल्यापर्यंत तशीच न्यायचो. एकदा मागून एक बाई चांगल्या मनाने म्हणाल्या, "ड्रायव्हर दादा, रस्ता तर इतका छान केलाय, मग एवढं हळू का?" मला कोणालाही तोडून बोलायची सवय, पण तिथे माझं तोंड उघडलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, नेमकं कुठे. ते यायालाही कधी कळलं नाही.