मेल्यावरचा वन्स मोअर

आमच्या मुलुंडच्या चाळीत तळमजल्यावर एक नट राहायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा स्वातंत्र्य मिळूनही सात-आठ वर्षं उलटली होती, आणि त्यांची नाटक कंपनी तर त्याआधीच कधीतरी बुडालेली. पण तरुणपणी त्यांनी बायकांची कामं गाजवली होती. आम्ही त्यांना काका म्हणायचो. दाढीचे खुंट वाढलेले, तोंडात विडी, आणि नळावरून बादली घेऊन निघाले की चाल मात्र महाराणीची. मला एकदा म्हणाले, "सूनबाई, पाणी भरायला चाललीस की दरोडा घालायला? पाय जरा हलका टाक."

त्यांचं गाजलेलं पद होतं नायिका प्राण सोडते तेव्हाचं. प्रेक्षक वन्स मोअर ओरडायचे. मग मेलेले काका उठून बसायचे, पदर सावरायचे, पुन्हा गायचे आणि पुन्हा मरायचे. त्यामुळे ते खरोखर गेले तेव्हा वरच्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "थांबा जरा, घाई करू नका."

ते पद काकांनी मला शिकवलं होतं, त्यांच्या ओट्यावर, तांदूळ निवडता निवडता. घरात गुणगुणणं ठीक, पण चारचौघांत गाणं आमच्याकडे चालत नव्हतं. शोकसभेत ते पद कुणी म्हणायचं असं निघालं, तेव्हा काकूंनी, म्हणजे काकांच्या बायकोने, मला पुढे केलं. सासूबाईंनी खूप विचार केला आणि निकाल दिला, "मेलेल्या माणसासाठी गायचं ते काही गाणं नव्हे, श्राद्धच ते. पण एकदाच हं." म्हणजे जन्मातली एकच संधी, आणि तीसुद्धा काकांनी मरून मिळवून दिलेली.

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. हार घालायला फोटो शोधले तर सगळे नऊवारीतले, नथ घातलेले. त्यातलाच एक लावला. दारातून एक भाजीवाली डोकावली आणि हळहळून गेली, "काय रूप होतं बाईचं."

अध्यक्ष आमच्या चाळीचे सेक्रेटरी. त्यांना गाण्यातलं एवढंच ठाऊक, की भैरवी ऐकली की डोळ्यांत पाणी येतं. प्रसंग दुःखाचा, म्हणून त्यांनी सुरुवातीलाच आपल्या साडूंना भैरवी गायला बसवलं. आता भैरवी झाली की मैफल संपली, त्यानंतर कुणी गात नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. साडू थांबले, तशी तबलजीने सवयीने तबल्यावर खोळ चढवली, पेटीवाल्याने पेटी मिटली आणि लोक चपला शोधायला लागले. अजून भाषणंसुद्धा व्हायची होती.

"अहो, माझं राहिलंय," मी म्हटलं.

"भैरवीनंतर नाही वाजवत वहिनी," पेटीवाले म्हणाले. "शास्त्र आहे."

वरच्या मजल्यावरचे आजोबा अध्यक्षांवर घसरले, "तुला कुणी सांगितलं होतं रे?"

"माणूस गेलाय, म्हणून म्हटलं..."

"माणूस गेला, मैफल कशाला घालवलीस?"

काकू पहिल्या रांगेत रडत बसल्या होत्या. त्यांनी पदराने नाक पुसलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "वन्स मोअर."

साडू खूश. परत येऊन बसले, घसाही खाकरला.

"तुम्ही नव्हे हो," काकूंनी फोटोकडे बोट दाखवलं. "यांना म्हणतेय. हे मेल्यावर उठून गायचे, तिथे तुमची भैरवी काय घेऊन बसलात? काढा ती खोळ."

वन्स मोअरला नाही म्हणायचं नसतं, हेही शास्त्रच. खोळ निघाली. मी गायला लागले तर आवाज नुसता लटलटत होता. मग काकांची बादली आठवली, आणि सूर जरा हलका टाकला. नायिका मेली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "वन्स मोअर."

मी सासूबाईंकडे पाहिलं. एकदाच ठरलं होतं.

"माझ्याकडे काय बघतेस? म्हण," त्या म्हणाल्या. "श्राद्धाला वाढताना हात आखडू नये."