पूर्वेकडील प्रवास लाभदायक

स्वतः लिहिलेल्या भविष्यावर मनापासून विश्वास ठेवणारा एकच ज्योतिषी या मध्यप्रांत-वऱ्हाडात होऊन गेला, आणि तो मला घरमालक म्हणून लाभला. मी त्यांना मामा म्हणत असे. मामा तहसिलीतून निवृत्त झालेले कारकून. अमरावतीच्या एका साप्ताहिकात ते आठवड्याचे भविष्य लिहीत. बुधवारी मजकूर छापखान्यात द्यायचे, आणि शनिवारी अंक हातात आला की चष्मा पुसून असा वाचायचे, की जणू काशीच्या कोण्या पंडिताने तो लिहिला आहे. "अरे बापा! कर्केले हा सोमवार जड दिसून राहिला," असे म्हणून खरोखर घाबरायचे, कारण त्यांची स्वतःची रास कर्क. एका सोमवारी कर्केला लोखंड वर्ज्य होते. मामांनी दिवसभर तवा धरला नाही, अडकित्ता धरला नाही, दाराची कडी काढायलाही मला हाक मारली. मी म्हटले, "मामा, हे तुम्हीच लिहिलंय ना?" ते म्हणाले, "मंग? डाक्टर आजारी पडत नाही काय?"

त्यांच्या भविष्यात ग्रह थोडे आणि व्यवहार फार असे. वृषभेने या आठवड्यात पापड घालू नयेत, आभाळ येईल. सिंहेने चुलतभावाशी बोलताना धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, विषय काढू नये. ज्यांना जन्मवेळ ठाऊक नाही त्यांनी नावाच्या पहिल्या अक्षरावरून रास धरावी, अशी सूचना सदराच्या डोक्यावर कायम असे, आणि आमच्याकडे जन्मवेळ ठाऊक असलेला माणूस क्वचितच. मी दर्यापूरकडच्या खेड्यातून आलेला, वांगी-मिरची पिकवणाऱ्या घरातला. आमच्यात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. माझे नाव दिनकर, म्हणून रास मीन. परीक्षेच्या आठवड्यात "मीन : विद्यार्थ्यांनी सकाळी दूध घ्यावे" असे छापून यायचे, आणि मी अंक उघडण्याच्या आधी दुधाचा पेला माझ्या खिडकीत ठेवलेला असायचा. मी बी. ए. झालो त्यात त्या दुधाचा वाटा मोठा आहे. एरवी मीनेला सल्ला ठरलेला : "आहे तेथेच राहावे. घर बदलू नये." पहिल्या वर्षी मला ते ग्रहांचे म्हणणे वाटले. मग लक्षात आले, की संध्याकाळी मी कॉलेजातून यायला उशीर केला तर मामा ओट्यावर उभे असतात, आणि मी दिसलो की "हवा खाऊन राहिलो" म्हणून आत जातात.

पण मामांची सगळी विद्या खर्ची पडे ती तूळ राशीवर. "तूळ : गुडघ्यांना तिळाचे तेल लावावे. थंड पाण्याने धुणी धुऊ नयेत. पूर्वेकडील प्रवास लाभदायक." हे शेवटचे वाक्य दर आठवड्याला, न चुकता. आमच्या गल्लीतला रामा शिंपी तूळ राशीचा. तो सल्ला मानून पूर्वेला नागपूरला सासऱ्याकडे इतक्या वेळा जाऊन आला, की एके दिवशी कात्री हातात घेऊनच मामांच्या ओट्यावर चढला. "मामा, आता दिशा बदला बाप्पा! सासरा मले पाहून दार लावून घेते."

मामा हसले नाहीत. "तुह्यासाठी नाही ते," एवढेच बोलले.

कोणासाठी आहे ते रामाच काय, सगळी गल्ली जाणून होती. मामींचे नाव राधा. बऱ्याच वर्षांपूर्वी अकोल्याहून त्यांच्या आईची प्रकृती बिघडल्याचा निरोप आला, तो शुक्रवारी. अकोला अमरावतीच्या पश्चिमेला, आणि शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूल, म्हणजे त्या दिशेचा प्रवास अशुभ. मामांनी पंचांग पाहून सांगितले, उद्या निघू. मामी शनिवारी पोचल्या तेव्हा सगळे आटोपले होते. त्या तिकडेच राहिल्या. मामा पत्र लिहू धजले नाहीत. "कोणत्या तोंडानं लिहू?" म्हणायचे. भविष्याला तोंड लागत नाही. अकोल्याहून अमरावती पूर्वेला आहे, हे मामींना वेगळे सांगायची गरज नव्हती.

पुढे मला अकोल्याच्या शाळेत मास्तरकी मिळाली. त्या शनिवारी मीनेला स्थलांतर घातक होते, धंदा बुडण्याचा योग होता आणि पोटाचे विकारही होते. तरी मामा मला पोचवायला बडनेऱ्यापर्यंत आले आणि गाडी हलेपर्यंत माझ्या वळकटीची दोरी आवळत राहिले.

अकोल्याला मी मामींना शोधून काढले. भावाच्या घरी राहत. मी कुठून आलो हे कळल्यावर त्यांनी आधी पाणी दिले आणि मग विचारले, "अजून भविष्य लिहिते काय?"

"लिहितात. तुम्ही वाचता?"

"भाऊ वाचून दाखवते. दर आठवड्याले ऐकतो मी." मामी दाराबाहेर पाहू लागल्या. "पहिली काही वर्षं रागात गेली. मंग आहे तिथंच राहा, घर बदलू नका, एवढंच तं सांगून राहिले. मी म्हटलं, असंच त्यायच्या मनात आहे तं आपून काहून जावं?"

माझ्या हातातला पेला हातातच राहिला. "मामी, तुमची रास तूळ ना? राधा?"

"राधा नाव लग्नात ठेवलं त्यायनं. मी देवकी. पत्रिका जुळवली तेव्हा देवकीचीच पाहिली होती. ज्योतिष्याले येवढं ध्यानात राहात नाही काय?"

माहेरी आलेल्या बाईला सगळे माहेरच्या नावाने हाक मारतात. देवकीची रास मीन. मामांनी मला धरून ठेवण्यासाठी लिहिलेले प्रत्येक वाक्य इकडे मामी स्वतःसाठी ऐकत होत्या. मी त्यांना तुळेचे सगळे सल्ले सांगितले, तेलाचे, थंड पाण्याचे, प्रवासाचे. त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "त्या शुक्रवारचं काही लिहिलं काय कधी?"

लिहिले नव्हते.

सुट्टीत अमरावतीला गेलो तेव्हा मी मामांना सारे सांगितले. ते बराच वेळ पंचांगाच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत बसले. "दुनियेले नावावरून रास सांगतो मी, आन् घरच्या माणसाचं नाव इसरलो," म्हणाले. त्या बुधवारी त्यांनी मजकूर दिला : "मीन : त्या शुक्रवारी निघायला हवे होते. चूक आमची." संपादकांनी तो परत पाठवला. भविष्याच्या सदरात होऊन गेलेली गोष्ट कशी छापू, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो काही चुकीचा नव्हता. मामा मला म्हणाले, "मंग तुमीच सांगा तिले. तोंडी."

मी सांगितले. मामी तुरीची डाळ निवडत होत्या. बोटे थांबली. "येवढं म्हणाले?" "एवढंच." "बरं," म्हणाल्या, आणि बोटे पुन्हा चालू लागली.

त्या परत गेल्या नाहीत. भावजय वारली होती, भाच्याची मुले लहान होती, आणि इतक्या वर्षांत माणसाचे घर नुसते राहण्यानेही तयार होते. पण मी पुढच्या वेळी अमरावतीला निघालो तेव्हा त्यांनी एका फडक्यात मुगवड्या बांधून दिल्या. "रश्श्यात टाकायच्या आधी तेलात परता म्हणा. उरलेलं सकाळी खाऊ नका म्हणा."

मामांनी ते शब्द माझ्याकडून पुन्हा वदवून घेतले आणि तसेच्या तसे केले. पहिला घास घेऊन विचारले, "आणखी काय म्हणाली?"

"आणखी काही नाही."

जेवण झाल्यावर त्यांनी फडके धुऊन वाळवले. दिलेले फडके रिकामे परत करू नये. मामा सगळ्या घरात फिरले, फळीवरचे डबे उघडून पाहिले. एकट्या पुरुषाच्या घरात कोणाला पाठवावे असे काही नसते. शेवटी त्यांनी मूठभर साखर बांधली आणि वाटेत सांडू नये म्हणून गाठ आपल्या सगळ्या ताकदीने आवळली.

अकोल्याला मामींना ती गाठ सुटेना. मी हात पुढे केला.

"राहू द्या मास्तर," मामी म्हणाल्या. "सोडीन मी सावकाश."