पाणी पिणारी मोटार

आई मरायला टेकल्याचा निरोप आला होता आणि मी ट्रंकेतून नवं रेशमी इरकल काढून नेसत होते. कशासाठी? तर मोटारीत बसून जायचं होतं. एवढीच अक्कल होती मला तेव्हा.

सासर हळ्ळीखेडचं, माहेर मादन हिप्परग्याचं. माहेरचा शेजारी सकाळीच ओसरीवर येऊन म्हणाला, "आईनं अन्न सोडलंय. तुझंच नाव घ्यायलीय. आजच निघ." निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती, एसटीचा भरवसा नव्हता. सासऱ्यांनी हुमनाबादच्या ओळखीच्या अडत्याची जुनी मोटार मागवली. सोबत सासू निघाली. तिला मी अत्याबाई म्हणायची. माझ्या डोक्यावरचा पदर घसरला की तिची जीभ सुटायची, आणि माझा पदर दिवसातून दहादा घसरायचा.

वेशीतून निघताना मी रडत होते, पण एक डोळा उघडा ठेवून. पाणवठ्यावरच्या बायका बघायल्यात ना, याची खात्री करून घेतली आणि मग पुन्हा पदर डोळ्यांना लावला.

हुमनाबाद मागं पडलं आणि मोटारीच्या नाकाडातून वाफ निघाली. ड्रायव्हर चाचांनी पाण्याच्या टाकीच्या झाकणावर ओलं पोतं टाकून ते उघडलं, विहिरीचं पाणी ओतलं. निघालो. थोडं गेलो की पुन्हा तेच.

मी शहाणी बोलले, "ऊन किती हाय चाचा! बैलालाबी तहान लागतीच की. पिऊ द्या पोटभर."

"बेटी, बैल पिया तो मूतता बी है," चाचा म्हणाले. "ये पानी जारा कां, वोच दिखता नै."

त्यांनी खाली वाकून, आत हात घालून पाहिलं होतं. पण पाणी ओतताना सगळंच ओलं व्हायचं, आणि गळेल ते तापलेल्या लोखंडावर वाफ होऊन जायचं. गळती कुठली आणि सांडलेलं कुठलं, कळणार कसं?

कमलापूरच्या अलीकडं चढावर मोटार थांबली ती थांबलीच. थंड झाल्याशिवाय हात लावता येत नव्हता. आम्ही लिंबाखाली बसलो. आमच्या लिंगायतांत माणूस गेलं की शक्यतो दिवस मावळायच्या आत समाधी देतात. आई दुपारी गेली असेल तर संध्याकाळी मला नुसती ओली माती दिसणार होती. हे तिथं, त्या सावलीत बसल्यावर माझ्या डोक्यात शिरलं.

अत्याबाईंना वेगळंच सुचलं. "निघताना मोटारीला इबूत लावली न्हाई! नांगराला लावतो, जात्याला लावतो, हिला कामून न्हाई लावली? सून रेशीम नेसायलीय, देवाचं ध्यान कुणाला?"

तिनं कमरेच्या पिशवीतून विभूतीची गट्टी काढली. पण ओल्या, मळक्या वस्तूला इबूत लावायची कशी? म्हणून गार झालेलं सगळं यंत्र तिनं आपल्या जाड्याभरड्या पदरानं कोरडंठाक पुसलं. मग गट्टी चुरून जाळीला, नळ्यांना, हात पोचेल तिथं फासली.

"अम्मा, इंजन है, नंदी नै," चाचा कळवळले.

"गप बसा. तुमीबी एक बोट लावून घ्या."

चाचांनी जपून, एक थेंबही न सांडता पाणी भरलं आणि मोटार चालू केली. सगळं पांढरंशुभ्र. खालच्या रबरी नळीवर मात्र, लोखंडी पट्टीपाशी, एक बारीक काळी रेघ उमटली. बघता बघता पसरली.

"हौ अम्मा! इधरिच है!"

नळी चिरली होती. अत्याबाईंच्या गाठोड्यातला कपडे धुवायचा साबण चाचांनी चिरेत दाबून भरला, वरून आपला रुमाल आवळला. रुमाल भिजून पाणी बाहेर. "मोटा कपडा है. बारीक होना, कस के बैठना."

दोघांनी माझ्या पदराकडं पाहिलं. मी तो झटकन कमरेला खोचला. हसा खुशाल. आई तिकडं शेवटचे श्वास घेतेय आणि लेक इकडं रेशीम वाचवतेय!

"सोड," अत्याबाई म्हणाल्या.

"नवं हाय, अत्याबाई. तुमीच घेतलंय."

"माझी आई गेली तवा मी बैलगाडीत होते. पोचले तवर लोक माती सारखी करायले होते. सोड म्हणलं न्हाई का!"

तिनं पदराची कड दातात धरली आणि टर्रकन पट्टी फाडली. तो आवाज ऐकून त्या दिवशी मी पहिल्यांदा खरी रडले. या वेळी कोण बघतंय ते पाहिलं नाही.

साबणावर रेशीम घट्ट गुंडाळलं, वरून सुतळी बांधली. आत वाफ कोंडून नळी पुन्हा फुटू नये म्हणून चाचांनी झाकण ढिलंच ठेवलं. गुलबर्गा, आळंद, वाटेत विहीर दिसली की थांबा, असं हळूहळू गेलो. नळी पाझरली, पण फुटली नाही.

हिप्परग्यात शिरलो तेव्हा ऊन कलंडलं होतं. दारात गर्दी नव्हती. मी मोटार पुरती थांबायच्या आत उतरले.

आईला दिसत नव्हतं. तिनं माझं तोंड चाचपलं, मग खांदा, मग पदर. बोटं फाटक्या कडेवर थांबली.

"फाटकं नेसून आलीस? सासरी धड न्हाई का काही?"

मागून अत्याबाई म्हणाल्या, "विहीणबाई, सासरी लई हाय. तुमच्या लेकीचं निम्मं रेशीम मोटार नेसून आलीय."

आईची छाती हलली. खोकला वाटला मला. हसत होती ती. मग ते टोक तिनं मुठीत धरलं आणि सोडलंच नाही.

पहाटे ती गेली तेव्हाही टोक मुठीतच होतं. एकजण बोटं सोडवायला पुढं झाली, तिला अत्याबाईंनी हातानंच थांबवलं. वाकून पुन्हा दातात कड धरली, आणि मुठीतलं रेशीम आईबरोबर गेलं.

ते इरकल मी पुढं पुष्कळ वर्षं नेसले. पदर इतका आखूड झाला होता की डोक्यावर ठरायचाच नाही, घसरायचा. अत्याबाई बघायच्या. बोलायच्या मात्र काही नाहीत.