न वाजलेला फोन

सिंदीच्या स्टेशनवर नागपूरची पॅसेंजर यायला अजून वेळ होता. तेवढ्यात मी आईच्या फोनवर एक अ‍ॅप टाकून दिलं. मी नोकरीसाठी जर्मनीला निघाले होते. बाबा बॅगांपाशी उभे होते. आई बाकावर माझ्या शेजारी बसली होती, चष्मा कपाळावर चढवून.

"हे निळं दाबून ठेव, बोल, अन् सोड. मले पोचते."

"अन् सगळे वापरतात ते काऊन नाई?"

"ते माझ्या फोनमध्ये नाई, आई."

 कारण तिला माहीत होतं. नागपूरला नोकरीला असताना ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं, त्यानं माझ्या फोनच्या खात्याचा पासवर्ड मिळवला आणि मी कुठे जाते, किती वेळ थांबते, कुणाला फोटो पाठवते, हे सगळं वर्षभर बघत राहिला. लग्न मोडलं, पण धास्ती गेली नाही. मग ते खातं ज्या बड्या कंपनीचं होतं, तिच्या सगळ्या सेवा मी फोनमधून काढून टाकल्या आणि कुणाच्याही मालकीची नसलेली ऑपरेटिंग सिस्टीम बसवली. नकाशे वेगळे, अ‍ॅपचं दुकान वेगळं, खातं कुठेच नाही. जर्मनीला, लाइपझिगला आले तेव्हा मी कुठे आहे हे मी सांगेन त्यालाच कळत होतं. गाव सोडून बाहेर पडलेल्यांना यातला सुटकेचा श्वास समजेल.

त्या अ‍ॅपवर आईला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. ती दिवसभर बोलून पाठवायची. बाबांची मेथी या खेपेला पिवळी पडली, शेजारच्या शोभाकाकूची सून माहेरी गेली, कुकरची शिटी बिघडली. मी ट्राममध्ये कानाला फोन लावून ते ऐकायची. भोवती सगळे जर्मन बोलत असायचे आणि माझ्या कानात आमचं स्वयंपाकघर चाललेलं असायचं.

फोनची एक अडचण मात्र होती. निरोप आला की फोनला जागं करायचं काम जिच्याकडे असतं, तीच सेवा मी काढली होती. अ‍ॅपला मग स्वतःच सर्व्हरशी सारखं जोडून राहावं लागे, आणि बॅटरी वाचवायला फोन त्याला मध्येच बंद पाडी. मी अ‍ॅप उघडलं की अडलेले निरोप एकदम पडत.

"काल मी विचारलं, अन् तू आज सांगून राह्यली," आई एकदा म्हणाली. मी तिला सगळं समजावलं. "तुले त्रास होत असन तं राहू दे मंग," एवढंच ती म्हणाली. मला वाटलं, तिला पटलं.

एके दिवशी ऑफिसात माझं प्रेझेंटेशन होतं. फोन टेबलावर होता, आवाजही चालू होता. जेवायच्या सुट्टीत अ‍ॅप उघडलं तर आईचे तीन निरोप एकदम आले. पहिला अडीच तासांपूर्वीचा. "बेटा, उजवा हात जड पडून राह्यला. बाबा बाजारात गेले, फोन घरीच रायला त्याहिचा. काय करू मी?" दुसऱ्यात जीभ अडखळत होती, माझं नाव तेवढं कळलं. तिसऱ्यात शब्द नव्हते. लांब कुठे तरी कुणी भांडी घासत होतं, ते ऐकू येत होतं.

मी शोभाकाकूला साधा फोन लावला. ती धावत गेली. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पडलेली होती. गाडी करून तिला वर्ध्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण लवकर आणायला हवं होतं.

मी चौथ्या दिवशी पोचले. आईनं मला ओळखलं. डाव्या हातानं माझी बाही धरली आणि तोंड हलवत राहिली. आवाज येत होता, त्याचा शब्द होत नव्हता.

महिनाभर राहिले. त्या महिन्यात बाबांनी फोनचा विषय एकदाही काढला नाही. एकदा आम्ही ओसरीत मेथी निवडत बसलो होतो. मीच म्हणाले, "बाबा, चूक माझी आहे."

त्यांनी हातातली जुडी सोडवली. "काकूचं दार चार पावलांवर होतं. हाक मारली असती तं काकू आली असती." मग म्हणाले, "पण तिले काई झालं की पयले तुलेच सांगायचं राहे. आमाले सगळ्याईले मंग कळे."

लाइपझिगला परत आल्यावर मी दुसरा फोन घेतला, सगळ्यांसारखा, खात्यासकट. तो लगेच वाजतो. घरून त्याच्यावर फारसं काही येत नाही. मागच्या आठवड्यात आईला तीन दिवस ताप होता. उतरल्यावर बाबांनी कळवलं. मी चिडले, तर ते शांतपणे म्हणाले, "शोभा होती ना इथं. तुले तिकडून काय करता आलं असतं?"

 सिंदीला घर आहे, आई आहे, तिची खाट आता खिडकीपाशी केली आहे. तिथं काय चाललंय ते मला कळतं, सगळं पार पडल्यावर.